धुराड्यातले मासे

पुन्हा धूर आलाय. सकाळी खिडकी उघडली आणि लगेच लावून घेतली. समोरचा ब्लॉक जागेवरच होता, पण कुणीतरी त्याच्यावर मळकं धोतर वाळत घातल्यासारखा दिसत होता. इकडे याला हेझ म्हणतात. समुद्रापलीकडे सुमात्रात रानं पेटवतात, वारा फिरला की तो सगळा धूर सिंगापूरवर येऊन बसतो. दरवर्षी येतोच असं नाही. एखाद्या वर्षी डोकावून जातो, आणि एखाद्या वर्षी गणपती गेल्यावर जो येतो तो पार दिवाळीपर्यंत मुक्काम ठोकतो. मग सगळं शहर फोनवर हवेचा आकडा बघत बसतं. लिफ्टमध्ये शेजारी गुड मॉर्निंगऐवजी आकडाच सांगतात.

माझी मुलगी इरा शाळेला निघताना मास्क नाकावर चढवत म्हणाली, "मम्मा, स्मेल्स लाइक आजोबा टाइम, लाह." एरवी असल्या धेडगुजरी वाक्याबद्दल मी तिला नक्की दटावलं असतं. आज नुसता तिचा मास्क नीट केला. ती गेल्यावर मी ऑफिसला उशीर होतोय हे माहीत असूनही सोफ्यावर बसून राहिले.

इराचे आजोबा म्हणजे माझे सासरे. आम्ही त्यांना बाबा म्हणायचो. काही वर्षांपूर्वी असाच लांबलेला धूर होता, तेव्हा ते क्वीन्सटाउनच्या या आमच्या फ्लॅटमध्ये राहत होते. सासूबाईंचं वर्षश्राद्ध उरकलं आणि माझ्या नवऱ्यानं, निखिलनं, त्यांना चिंचवडहून जवळजवळ उचलूनच आणलं. तिकडे ते एकटे. सकाळचं दूध सुद्धा संपत नाही म्हणायचे. आमच्या दोघांच्या मनात एकच होतं, की आता त्यांनी परत जाऊ नये. निखिलनं लाँग टर्म व्हिजिट पासची सगळी चौकशी करून ठेवली होती. बाबा "बघू" एवढंच म्हणाले होते. या घराण्यात "बघू" हा शब्द कशासाठीही वापरतात, त्यामुळे आशा धरायला जागा होती.

खरं सांगायचं तर निखिलपेक्षा मलाच ते जास्त हवे होते. माझे वडील मी कॉलेजात असताना गेले. त्यानंतर कुणी मला "गौरी, छत्री घेतलीस का?" असं विचारलं नव्हतं. बाबा आले आणि रोज सकाळी दारात उभं राहून विचारायला लागले. इथे छत्री वर्षभर लागते, त्यामुळे त्यांना विषय कधी कमी पडला नाही.

धूर येण्याआधीच्या रविवारी आम्ही त्यांना ईस्ट कोस्टला नेलं होतं. समुद्रात जहाजांची ही रांग लागलेली. बाबा कठड्याला टेकून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "एवढी सगळी कुणाची वाट बघतायत गं?" मी हार्बरफ्रंटला शिपिंग कंपनीत काम करते, त्यामुळे मला चेवच आला. कोणतं जहाज इंधनासाठी थांबलंय, कोणतं नुसतंच काम मिळायची वाट बघतंय, हे मी त्यांना बोट दाखवून सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं. जन्मभर ग्राइंडिंग मशीनवर काम केलेला माणूस, कशानं काय चालतं हे सांगितलं की खूश. त्या दिवशी त्यांनी हॉकर सेंटरमध्ये नारळाचा जॅम लावलेला टोस्ट दोनदा मागवून खाल्ला. मला वाटलं, जमतंय.

मग धूर आला आणि आम्ही सगळे घरात कोंडले गेलो. खिडक्या बंद, हवा साफ करायचं मशीन कोपऱ्यात घरघरतंय, आणि बाहेर सूर्य म्हणजे नुसती विटकरी टिकली. बाबांचं सकाळचं फिरणं बंद झालं. ते एकदा खिडकीच्या फटीला नाक लावून म्हणाले, "शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत हाच वास असायचा. तुमच्याकडे रोजच दुसरा दिवस." घरातल्या दारांच्या बिजागऱ्या त्यांनी पहिल्याच आठवड्यात सरळ करून टाकल्या होत्या. पंख्याची कुरकुर काढली. आता त्यांना काही काम उरलं नव्हतं. निखिल कामासाठी सारखा जकार्ताला. इरा शाळेत, मी ऑफिसात. संध्याकाळी मी दार उघडायचे तेव्हा बाबा सकाळी बसले होते त्याच खुर्चीत असायचे, आणि तारखा मोजणारा माणूस कसा दिसतो ते मला कळायचं.

अशा एका संध्याकाळी त्यांनी सूटकेसमधून सासूबाईंची एक सुती साडी काढली. साडीत गुंडाळलेली एक रेकॉर्ड होती. मेतकूट, भाजणी आणि गोळ्या यांच्याबरोबर हा माणूस तव्याएवढी रेकॉर्ड घेऊन समुद्र ओलांडून आला होता, आणि आमच्याकडे ती वाजवायला काहीही नव्हतं.

या रेकॉर्डबद्दल मी लग्न झाल्यापासून ऐकत होते. कव्हरवर एक कारखान्याचं धुराडं आहे आणि त्यातून धुराऐवजी मासे बाहेर पडतायत. जांभळे, नारिंगी, पोपटी. नाव जर्मन, ते मला आजही नीट म्हणता येत नाही. घरात तिला मासेवाली रेकॉर्डच म्हणायचे. शुद्ध शाकाहारी घर, त्यामुळे सासूबाईंनी ती देवघराच्या भिंतीकडच्या कपाटात कधी ठेवू दिली नाही. लग्नाआधी कंपनीनं बाबांना जर्मनीत ट्रेनिंगला पाठवलं होतं. तिथे त्यांच्या शेजारच्या मशीनवर खांद्यापर्यंत केस वाढवलेला एक पोरगा होता. तो आणि त्याचे दोस्त संध्याकाळी एका बंद पडलेल्या वीटभट्टीच्या शेडमध्ये वाजवायचे. तो ड्रम बडवायचा. बाबा उलट्या खोक्यावर बसून पाव खात ऐकायचे. त्या पोरांनी जन्मात एवढी एकच रेकॉर्ड काढली. पुढे कुणी बेकरी टाकली, कुणी गाव सोडलं, बँड मोडला. तिकडे त्यांच्या गावात तरी ते कुणाला आठवत असतील की नाही कोण जाणे. चिंचवडमध्ये मात्र बाबांनी त्यांना जन्मभर वाजतं ठेवलं.

संगीत म्हणाल तर हार्ड रॉक, आणि त्यातही सायकेडेलिक, म्हणजे डोकं गरगरवणारं. गिटार किंचाळते, ऑर्गन थोरल्या हार्मोनियमसारखा खालून घुमत राहतो, आणि एक माणूस मधूनमधून जर्मनमध्ये ओरडतो. बाबांनी ती लावली की सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "लागली का तुमची गिरणी!" निखिल लहानपणी अभ्यासाचं पुस्तक घेऊन गच्चीत पळायचा. बाबा मात्र डोळे मिटून बसायचे. एरवी भजन-कीर्तनालाही न डोलणारा माणूस, पण या गोंगाटात त्यांची मान हलायची.

मी दुसऱ्याच दिवशी रेकॉर्ड प्लेअर घेऊन आले. यात माझा डाव होता, लपवत नाही. ज्या घरात आपल्या आवडीचं काही वाजतं ते घर हळूहळू आपलं वाटायला लागतं, असं मला वाटत होतं. बाबांनी प्लेअर सगळ्या बाजूंनी पाहिला, खाली वाकून त्याचा पट्टा तपासला आणि माझ्याकडे बघून हसले. सासूबाई गेल्यानंतर मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी आमच्या बंद खिडक्यांच्या घरात गिरणी सुरू झाली. इरानं कानांवर उशी दाबली.

"आजोबा, सो नॉइझी लाह! धिस अंकल अँग्री, इज इट?"

"अँग्री नाही गं," बाबा म्हणाले, "तो विचारतोय, बाई, धूर कधी जाणार."

त्यांना जर्मन चार शब्दांपलीकडे येत नव्हतं हे मला नंतर कळलं. पण इराला ते दर ओळीचा अर्थ सांगायचे, आणि रोज वेगळा सांगायचे. आज तो बटाट्यांचे भाव विचारतोय, आज त्याची बस चुकलीय. इरा आधी चिडायची, मग शाळेतून आल्या आल्या तीच रेकॉर्ड लावायला सांगायला लागली. मी ऑफिसातून येताना कॉरिडॉरमध्येच तो दणदणाट ऐकायचे आणि शेजारच्या चिनी आजी काय म्हणतील या काळजीबरोबर मला चक्क आनंदही व्हायचा. आपल्या दारातून एवढा आवाज यावा असं घर मला कधीपासून हवं होतं.

रेकॉर्डची दुसरी बाजू म्हणजे एकच लांबलचक तुकडा आहे. तो ऐन भरात आला की खट्ट व्हायचं आणि सुई उडी मारून पुढे कुठेतरी जाऊन पडायची. एका दणदणाटातून थेट दुसऱ्या दणदणाटात. मी जवळून पाहिलं तर तिथे तांबूस डाग होता आणि त्याच्याभोवती चरे.

"बाबा, हे काय झालंय?"

"ते पहिल्यापासून तसंच आहे," ते म्हणाले आणि कव्हर पुसायला लागले.

मी ठरवलं, यांना नवी मिळवून द्यायची. एका जुन्या शॉपिंग सेंटरच्या तळघरात रेकॉर्डचं दुकान आहे, तिथे शनिवारी बाबांना घेऊन गेले. दोघेही मास्क लावून, एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं. दुकानदार साठीचा चिनी अंकल, अर्ध्या चड्डीत. त्यानं कव्हर पाहिलं, कॉम्प्युटरवर बरंच काय काय टिचकावलं आणि म्हणाला, "वा, धिस वन नोबडी आस्क मी बिफोर. बट न्यू प्रेसिंग हॅव. जर्मनी साइड, स्मॉल कंपनी. आय ऑर्डर फॉर यू, कॅन?"

बाबा ताठ उभे राहिले आणि अगदी इथल्यासारखं म्हणाले, "कॅन!"

येताना गाडीत ते स्वतःशीच हसत दोनदा कॅन म्हणाले. मला तेव्हाच खात्री वाटायला लागली होती की हा माणूस आता आपला झाला. वस्तू यायला वेळ लागणार होता, आणि वाट बघण्यासारखं काही समोर असलं की माणूस परतीचं बोलत नाही. खरंच, त्या दिवसांत बाबांनी चिंचवडचं नाव काढलं नाही. निखिल जकार्ताहून आला तेव्हा त्यानं पासचा विषय काढला, तर बाबा म्हणाले, "फोटो कसला लागतो त्याला?" मी आत जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. डोळे भरून आले होते.

रेकॉर्ड दसऱ्याच्या आदल्या दिवशी आली. तेच धुराडं, तेच मासे, फक्त रंग कोरे करकरीत. मी म्हटलं, उद्याच लावू, मुहूर्त चांगला आहे. इथे दसऱ्याची सुट्टी नसते, त्यामुळे पूजा सकाळी ऑफिसच्या आधी उरकायची. दोन्ही लॅपटॉप, इराची सायकल, बाबांचा स्क्रू ड्रायव्हर, सगळं मांडलं. त्या वर्षी हवेच्या मशीननं आमची फार सेवा केली होती, म्हणून त्याच्या डोक्यावरही झेंडू ठेवला. बाबांनी नवी रेकॉर्ड प्लेअरवर चढवून ठेवली होती. मी पंचपाळं घेऊन तिकडे गेले, कुंकू पाण्यात कालवलेलं होतं, अनामिका बुडवली आणि हात पुढे केला. बाबांनी माझं मनगट धरलं.

"थांब, गौरी. रेकॉर्डवर नको."

इतक्या वर्षांत त्यांनी माझा हात कधी धरला नव्हता. मी दचकले. त्यांनी रेकॉर्ड अलगद उचलून छातीशी धरली, मग म्हणाले, "हं, आता लाव मशीनला." मी लावलं. हळद, कुंकू, अक्षता, फूल. त्यांनी ते कोरडं होईपर्यंत थांबायला लावलं आणि मग दुसरी बाजू वर करून सुई टेकवली.

गिटार किंचाळली, ऑर्गन घुमला, ती खट्ट व्हायची जागा आली. आणि सगळं थांबलं. ड्रम नाही, गिटार नाही, ओरडणं नाही. फक्त खाली ऑर्गनचा एक सूर, आणि त्यावर एक बाई गुणगुणायला लागली. शब्द नव्हतेच. पोराला थोपटताना करतात तसं, अगदी घरगुती, थोडं बेसूरसुद्धा. ते बराच वेळ चाललं.

"ही त्या ड्रमवाल्या पोराची आई," बाबा म्हणाले. "भट्टीवर डबा घेऊन यायची. एकदा अशीच गुणगुणत बसली होती, पोरं म्हणाली, हेच घेऊ."

"धिस पार्ट नाइस," इरा म्हणाली.

मग त्यांनी सांगितलं. लग्नानंतरचा पहिला दसरा. त्यांनी त्या दिवशी प्लेअर विकत आणला, त्यावर जर्मनीहून आणलेली ही रेकॉर्ड चढवली आणि नव्या बायकोला म्हणाले, तुला एक गंमत ऐकवतो. सासूबाई म्हणाल्या, नवीन वस्तू, आधी पूजा. पूजा कुणाची करायची? वाजते ती रेकॉर्ड. म्हणून त्यांनी कुंकवाचं ओलं बोट रेकॉर्डवरच टेकवलं. चांगलं घसघशीत. बाबांनी नंतर पुसायचा प्रयत्न केला, कुंकू बाजारातलं, खरखरीत, त्यानं चरे पडले. नेमके तिथे, या गुणगुणण्यावर.

"आई काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"तिला मी सांगितलंच नाही. नवीन होती. अपशकुन झाला म्हणून रडत बसली असती. पुढे तिनं विचारलंही एकदोनदा, की हे कधी शांत होतच नाही का? मी म्हणायचो, नाही, हे असंच आहे." त्यांनी सुई उचलून बाजूला ठेवली. "हेच तिला ऐकवायला तो प्लेअर आणला होता गं. तिला आवडलं असतं हे. तिला फार आवडलं असतं."

जन्मभर त्या बाईला वाटत राहिलं, की आपल्या नवऱ्याला गिरणी आवडते.

सासूबाईंचं नाव निघालं की बाबा तोपर्यंत विषय बदलायचे. त्या दिवशी पहिल्यांदाच ते माझ्यासमोर रडले, आवाज न करता, इराला कळू नये म्हणून तोंड खिडकीकडे करून. खिडकीबाहेर काही दिसत नव्हतं. मी ऑफिसला गेलेच नाही त्या दिवशी.

संध्याकाळी चहा घेताना ते म्हणाले, "गौरी, मी हे तिकडे घरी नेऊन एकदा लावतो."

"लावा ना. आणि मग या परत."

"बघू."

यावेळचं "बघू" कसलं होतं ते मला कळलं. तरी मी भांडले. तिकडे कोण आहे, इथे काय कमी आहे, असं सगळं बोलले, जे सुनेनं बोलू नये तेही बोलले. निखिल म्हणाला, राहू दे. दिवाळीनंतर पाऊस आला, धूर गेला, खिडक्या उघडल्या, आणि त्याच आठवड्यात आम्ही त्यांना विमानतळावर सोडलं. दोन्ही रेकॉर्डी त्याच साडीत गुंडाळून हातातल्या पिशवीत होत्या. सामानात टाकायला ते तयार नव्हते.

ज्या वस्तूनं त्यांना इथे धरून ठेवायचं मी ठरवलं, तीच त्यांना घेऊन गेली. निखिल म्हणतो, तू ती आणली नसतीस तरी ते गेलेच असते. असेलही. मला मात्र वर्षानुवर्षं हेच वाटत आलंय, की मी ती रेकॉर्ड मागवली नसती तर निदान अजून एक मोसम तरी ते तांबूस डागावरून उडी मारणारी जुनी रेकॉर्ड ऐकत, इराला बटाट्यांचे भाव सांगत, इथे राहिले असते. आणि मग लगेच स्वतःचाच राग येतो. म्हणजे मला ते हवे होते, पण त्यांना जे ऐकायचं होतं ते न ऐकता?

रविवारी फोन व्हायचा. बाबा फोनवर जेवढ्यास तेवढं बोलणारे. बरं आहे. जेवलो. तिकडे धूर आहे का? इराला दे. आम्ही दरवेळी या म्हणायचो, ते दरवेळी बघू म्हणायचे, आणि मग शांतता पसरायची ती निखिल काहीतरी क्रिकेटचं बोलून भरून काढायचा. फोन ठेवल्यावर मला अपराध्यासारखं वाटायचं. एवढा मोठा फ्लॅट, त्यात एक माणूस, दिवसदिवस कुणाशी एक शब्द बोलणं नाही. मी मनातल्या मनात तो फ्लॅट बघायचे, आणि त्यात नेहमी चिडीचूप असायचं.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता बाबा झोपेतच गेले. आम्ही पोचेपर्यंत शेजाऱ्यांनी सगळं नीट सांभाळलं होतं. दिवसकार्य झाल्यावर निखिल बँकेच्या कामाला गेला आणि मी घर आवरत होते, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकू चहाचा थर्मास घेऊन वर आल्या. जमिनीवरच बसल्या माझ्याजवळ.

"आता चुकल्यासारखं होईल बघ," त्या म्हणाल्या. "ते जोरजोरात गाणं लावायचे ना संध्याकाळी. आधी आम्हाला त्रास व्हायचा, मग सवय झाली. मधेच एकदम शांत व्हायचं ते. आणि तेवढ्यात त्यांच्या बोलण्याचा आवाज यायचा. हळू आवाजात, निवांत. कधी हसायचेसुद्धा. आमचे हे म्हणायचे, एकटेच बडबडतात की काय. मी म्हटलं, अहो, असं कसं, सिंगापूरहून सुनेचा फोन असणार. रोजच्या रोज, न चुकता. किती बोलायचात गं तुम्ही त्यांच्याशी!"

त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. बाहेर कुणाच्या तरी गॅलरीत कपडे झटकल्याचा आवाज येत होता.

"हो काकू," मी म्हटलं, "माझाच असायचा."